बर्फ नेहमीच तरंगतो का?

'बर्फ पाण्यावर तरंगतो, कारण द्या.' या प्रश्नाचे ठरलेले उत्तर लिहिले की गुण मिळतात. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. उरलेले अर्धेही आपल्या शाळेत सांगितले जावे, असे मला वाटते.

नेहमीच्या बर्फात प्रत्येक रेणूला चारच जवळचे शेजारी असतात. मध्ये पुष्कळ जागा मोकळी राहते, म्हणून तो पाण्याहून हलका. दाब वाढवला की ही ऐसपैस मांडणी मोडते. हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट दाबाखाली पाणी खोलीच्या तापमानालाही गोठते; हा 'बर्फ-६'. दाब आणखी दुप्पट केला की 'बर्फ-७'. यात रेणूंची दोन जाळी एकमेकांत गुंफली जातात आणि जवळचे शेजारी आठ होतात. रेणू तोच, पण हे दोन्ही बर्फ पाण्यात बुडतात! हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी असे अनेक बर्फ शोधले. उच्च दाबावरील कामासाठी त्यांना १९४६ चे नोबेल मिळाले. आणि हे केवळ प्रयोगशाळेतले कौतुक नव्हे. भूगर्भातून वर आलेल्या हिऱ्यांत बर्फ-७ सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले.

एखादा विद्यार्थी 'नेहमीच का?' असे विचारतो, तेव्हा 'ते अभ्यासक्रमात नाही' म्हणून त्याला खाली बसवू नये. विश्वस्तांनी अशा प्रश्नांसाठी महिन्यातून एक तास राखून ठेवावा. खर्च काहीच नाही. पालकांना गुणांची काळजी वाटेल. पण उत्तरात 'नेहमीच्या दाबाला' हे दोन शब्द जास्त लिहिले म्हणून कोणता परीक्षक गुण कापील?