आठ वर्षांचा नियम आणि पंचवीस वर्षांचा बोजा

गेल्या वर्षापर्यंत माझ्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात एका राष्ट्रीयीकृत बँकेचा बोजा होता. १८ हजारांचा. १९८९ साली विहीर आणि मोटरीसाठी काढलेलं कर्ज. १९९८ला उसाच्या बिलातून शेवटचा हप्ता भरला, त्याची शिक्क्याची पावती पत्र्याच्या पेटीत जपलेली. त्या विहिरीचं पाणी पिऊन जनावरांच्या किती पिढ्या गेल्या, पण कागदावर मी थकबाकीदारच. थोरल्याला गोठ्यासाठी कर्ज हवं होतं. दुसऱ्या बँकेनं उतारा बघितला आणि फाईल परत केली. आधी नील दाखला आणा म्हणे.

गेलो जुन्या शाखेत. साहेब तरुण, बोलायला गोड. पावती उलटसुलट करून म्हणाले, "काका, यावरून पैसे भरले एवढंच कळतं. खातं बंद झालं का, ते खातेउताऱ्यावरून कळणार."

मी म्हटलं, मग द्या उतारा.

"तो फार जुना. सिस्टीमला तुमचं कर्जखातंच दिसत नाही."

दिसत नाही तर बाकी नाही असं लिहून द्या.

"तसं कसं देता येईल? रेकॉर्डच नाही ना!"

या रहाटाला मी सव्वा वर्ष जुंपलेला होतो.

यातली गोम बघा. देणं दाखवायला सातबारा पुरतो. फिटलं हे दाखवायला मात्र लेजर लागतं, आणि लेजर बँकेच्या ताब्यात. ते मोडीत गेलं असंही बँकच सांगणार. आमच्या गावचा सावकार लबाड होता, कबूल. पण त्याची चोपडी माळ्यावर तरी असायची. चोपडी हरवली म्हणून तुझं देणं उभं, असं म्हणायची त्याचीही छाती नव्हती.

साहेब लोक हमखास एक नियम तोंडावर फेकतात, आठ वर्षांचा. खरं आहे, बँकांनी कागदपत्रं किती वर्षं जपायची याचे १९८५चे नियम आहेत. काही रजिस्टरं ५ वर्षं, खात्यांची लेजरं ८ वर्षं. मी दहावी शिकलेला माणूस, इंग्रजी यथातथाच. पण वकिलाकडं बसून शब्द न् शब्द समजून घेतला. तिथं आठ वर्षांपेक्षा कमी नाही, असं लिहिलंय. म्हणजे निदान एवढं तरी जपा. नववं साल लागलं की होळी करा, असं कुठं आहे? ज्या खात्याचा बोजा सरकारी उताऱ्यावर जिवंत ठेवलाय त्याचंच लेजर रद्दीत द्यायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं? बियाण्याच्या पिशवीची पावतीसुद्धा आम्ही पीक घरात येईस्तोवर टाकत नाही.

दुसरं कारण कॉम्प्युटरचं. लेजरवरून कॉम्प्युटरवर जाताना चालू खाती आणि त्यांची बाकी तेवढी चढवली, बंद खाती मागं राहिली, असं साहेब स्वतःच बोलून गेले. म्हटलं, मग माझं खातं चढलं नाही हाच ते बंद होतं याचा पुरावा झाला की! साहेब हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं मला अजून कळलेलं नाही.

शेवटी माहिती अधिकारात गेलो. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. स्वतःच्या खात्याची माहिती मागितली तर ती वैयक्तिक आहे म्हणून नाकारता येत नाही, व्यक्ती मीच. दोन गोष्टी मागितल्या. माझ्या खात्याच्या लेजरची साक्षांकित प्रत द्या. नसेल तर ते लेजर कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीनं नष्ट केलं, त्या नोंदीची प्रत द्या. ३० दिवसांच्या आत उत्तर आलं, 'अभिलेख उपलब्ध नाही.' दुसऱ्या मागणीबद्दल अवाक्षर नाही. मी त्यावरच अपील केलं. नष्ट केल्याची नोंद तरी दाखवा, नाहीतर नष्ट केलंच नाही म्हणा. पंधरा-वीस दिवसांत शाखेतून निरोप आला, काका, येऊन जा. जुन्या गठ्ठ्यात लेजर सापडलं होतं. माझ्या पानाच्या शेवटच्या ओळीला बाकी शून्य, खाली लाल शाईत खातं बंद. धुळीशिवाय त्या लेजरला काही झालेलं नव्हतं.

मी राष्ट्रीयीकृत बँकेचा खातेदार म्हणून एवढं तरी जमलं. सोसायटीच्या सभासदाचं काय? सहकारी संस्था सरसकट या कायद्याखाली येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ साली केरळच्या एका प्रकरणात सांगून टाकलंय. तिथं आपल्या १९६०च्या सहकार कायद्याचं कलम ३२ धरावं लागतं. सभासदाला स्वतःच्या व्यवहाराची पानं फुकट बघता येतात, आणि फी भरली की महिन्यात नक्कल द्यावी लागते. पण हे कलम सभासदाला आपणहून सांगणारा सचिव मला तरी भेटलेला नाही.

रिझर्व्ह बँकेनं २०२३ साली एक चांगलं काम केलं. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करा, नोंदवलेला बोजा काढा, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्या. पण कुणाला? घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांना, तेही १ डिसेंबर २०२३पासून. विहिरीच्या कर्जाचं त्यात नाव नाही. फ्लॅटवाल्याचा एक दिवस पाच हजारांचा आणि आमची पंचवीस वर्षं फुकट? त्याच दरानं मी हिशेब मांडून बघितला, साडेचार कोटींच्या वर जातो. बायको म्हणाली, कागद फाडा तो, झोप लागायची नाही.

एवढे पैसे कोण मागतंय? बोजा चढवायला बँकेचं पत्र तलाठ्याकडं आपल्या पायांनी जातं. उतरवायचं पत्रही तिनंच धाडावं, खातं बंद केलं त्याच आठवड्यात. आणि ज्या खात्यांचे बोजे अजून उताऱ्यांवर आहेत त्यांची लेजरं पुन्हा कुणी 'सापडत नाही' म्हणायच्या आत गठ्ठे सोडून बघावीत.

शेजारच्या वस्तीवरच्या काकूंचं असंच आहे. नवरा वारला, पावत्या उंदरांनी खाल्ल्या. त्यांचा अर्ज मी परवा लिहून दिला. त्यात लेजर नष्ट केल्याच्या नोंदीची मागणी पहिली घातलीय.