कळ रक्तात दिसत नाही म्हणून...



कापूस वेचणाऱ्या, डाळ मिलमध्ये राबणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या भगिनी आम्हाला विचारतात, ‘पाळीत पोट इतके दुखते, मग रक्ताच्या तपासणीत ते का येत नाही?’ रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की घरचे म्हणतात, सोंग करते!

म्हणून आज यावरच बोलू. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात ‘प्रोस्टाग्लँडिन’ नावाचे द्रव्य तयार होते. त्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि कळ येते. हे द्रव्य जागच्या जागी काम करते व रक्तात आले की काही मिनिटांत मोडते. मग दंडातून काढलेल्या रक्तात ते कसे सापडणार? ‘एंडोमेट्रिओसिस’ या आजारात गर्भाशयासारखे अस्तर बाहेर वाढते. जगात दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला तो होतो. त्यासाठी ‘सीए-१२५’सारख्या रक्तचाचण्या निघाल्या, पण त्यांवर निदान करू नये, असे युरोपातील तज्ज्ञांनी २०२२ साली स्पष्ट सांगितले. संशोधन चालू आहे. तोवर दुखणे मोजण्याचे साधन एकच, त्या बाईचा शब्द.

तो शब्द न ऐकल्याने काय होते? डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली निष्कर्ष छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, पण पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के! आणि २०१९ साली बीडच्या ऊसतोड भगिनींची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे आधी दुर्लक्ष, नंतर थेट चाकू!

तेव्हा एवढे करा. लेकीला विचारा, ‘शून्य ते दहामध्ये दुखणे किती?’ तो आकडा दर पाळीला कॅलेंडरवर लिहा. शाळा किंवा मजुरी बुडत असेल, दुखणे महिन्यागणिक वाढत असेल, पाळी संपूनही थांबत नसेल, तर ते कॅलेंडर घेऊन सरकारी दवाखान्यात जा. रक्त तपासाच, पण हिमोग्लोबिनसाठी; ते १२ च्या खाली असेल तर अंगात रक्त कमी आहे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, काही खाऊनच घ्या. पिशवी काढा म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या बाळंतपणातील विश्रांतीची बाजू मांडली. स्त्रीच्या देहाचे कष्ट ही तिची एकटीची बाब नव्हे, हा त्याचा अर्थ. आपण विटाळ टाकून दिला. आता अविश्वासही टाकू या. तथागतांनी आधी दुःख आहे हे मान्य केले, मग कारण शोधले, मग मार्ग सांगितला. आपल्या घरातही सुरुवात तिथूनच व्हावी. जयभीम!