बारा व्होल्टांचा भरवसा

मराठी माणसाने मोटारीच्या बॅटरीला जितक्या आपलेपणाने वागवले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही यंत्राला वागवलेले नाही. बॅटरी ‘उतरते’, बॅटरी ‘बसते’, तिला अधूनमधून ‘पाणी पाजावे’ लागते, आणि फार दिवस विचारपूस केली नाही तर ती ‘मरते’. मेल्यावर मात्र भंगारवाला तिला वजनावर घेऊन जातो. माणसात आणि तिच्यात तेवढाच काय तो फरक. हे शब्द कोणा कोशकाराने घडवलेले नाहीत. ते गॅरेजात जन्मले. परिभाषेच्या समित्यांना वर्षानुवर्षे बसून जे साधत नाही, ते काळ्या हातांच्या माणसांनी चहा पिता पिता साधले आहे, असे भाषा शिकवणाऱ्याला कबूल करावे लागते.

दिवाळी अंकात हे शिसे आणि ॲसिड कुठून आले, असे वाचकांच्या मनात येईल. पण करंजीच्या सारणात जी साखर पडली, तिचा ऊस कोणत्या तरी ट्रॅक्टरने कारखान्यापर्यंत ओढून नेला होता, आणि तो ट्रॅक्टर पहाटेच्या थंडीत चालू झाला तो एका बॅटरीच्याच जिवावर. शिवाय आपल्या घरात इन्व्हर्टर असेल, तर बहुधा तिचीच एखादी बहीण आपल्याही घरी जिन्याखाली नांदत असेल. तेव्हा थोडी ओळख करून घ्यायला हरकत नाही.

अवसरी बुद्रुक हे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले, मंचरच्या बाजूचे गाव. ‘बुद्रुक’ म्हणजे फारसीतला ‘बुजुर्ग’, थोरला. धाकटे भावंड अवसरी खुर्द शेजारीच आहे, आणि २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले ते या धाकट्याच्या वाट्याला. थोरल्याचा मान वेगळा. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना ज्या पारगावात आहे, त्याचा पत्ता आजही ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’ असाच लिहितात. तर्फ हा जुन्या महसुली कारभारातला शब्द. कारभार गेला, पत्ता राहिला. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू व्हायचा असतो, आणि पावसाळाभर गोठ्याच्या आडोशाला उभी असलेली वाहने एकदम कामाला जुंपायची वेळ येते. मिस्त्री लोकांची खरी दिवाळी ती.

इथे बॅटरीच्या स्वभावातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती नुसती उभी राहिली तरी थकते. उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडली, की तिच्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि पुढे कितीही चार्जिंग केले तरी ते पुरते विरघळत नाहीत. बैलाला पावसाळ्यात विश्रांती मानवते. बॅटरीला मानवत नाही.

तर अवसरीच्या रस्त्याला पत्र्याच्या छपराखाली बसणाऱ्या एका मिस्त्रींकडे, अशाच हंगामाच्या तोंडावर, मी एक सकाळ काढली. एक वयस्क शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आले होते आणि तक्रार रास्त होती.

“मिस्त्री, मीटर बारा दावतंय. मग सेल्फ का मारीत न्हाई?”

“तात्या,” मिस्त्री म्हणाले, “बसल्या जागी समदेच पैलवान असत्यात. उठवून बघू.”

बॅटरीच्या परीक्षेचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. बारा व्होल्टांच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे दोन व्होल्टांहून थोडे अधिक. पूर्ण भरलेली आणि विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. पण मीटर तिच्याकडून काही काम घेत नाही. तो फक्त कुशल विचारतो, आणि कुशल विचारणाऱ्याला कोण खरे सांगतो? सेल्फची मोटर, म्हणजे इंजिन पहिल्यांदा फिरवणारी मोटर, तिच्याकडे शेकडो ॲम्पियर मागते, तेव्हा तिची खरी ताकद कळते. म्हणून तिच्यावर मुद्दाम तसाच भार टाकून पाहायचा. त्याला गॅरेजात ‘लोड टाकणे’ म्हणतात. भारही हिशेबाने टाकायचा. बॅटरीच्या अंगावर जी ॲम्पियर-तासांची संख्या असते, तिच्या सुमारे तिप्पट ॲम्पियर, आणि तेही फक्त पंधरा सेकंद. ट्रॅक्टरला ८८ ॲम्पियर-तासांची बॅटरी असली, तर हा भार २६४ ॲम्पियर होतो. आपल्या घरातला जुना पिवळा साठ वॉटचा दिवा पाव ॲम्पियरच्या आसपास घेतो. म्हणजे प्रवाहाच्या हिशेबाने असे हजार दिवे एकदम लावल्यासारखे झाले. पंधराव्या सेकंदाला काटा ९.६ व्होल्टांच्या वर टिकला, तर बॅटरी पास. हे उबदार हवेचे, एकवीस अंशांचे माप. आंबेगावच्या थंडीत पहाटे पारा दहा अंशांवर आला, तर ९.४ व्होल्टांवरही तिला पास करावे लागते. परीक्षकाने एवढी दया दाखवावी असे शास्त्रच सांगते.

पण मिस्त्रींनी तात्यांच्या बॅटरीवर लोड टाकलाच नाही. आधी त्यांनी बुचे काढली आणि काचेच्या नळीतला हायड्रोमीटर एकेका कप्प्यात बुडवला. ॲसिडचे पाणी जितके जड, तितकी बॅटरी भरलेली. गॅरेजात दशांश चिन्ह कोणी उच्चारत नाही; १.२६० ला ‘बाराशे साठ’ म्हणतात. भरलेल्या बॅटरीत बाराशे साठच्या वर यायला हवे, इथे सगळे कप्पे साडेअकराशे ते बाराशेच्या मध्ये रेंगाळत होते, पण सगळे सारखेच होते. एखादाच कप्पा इतरांहून पन्नास गुणांनी मागे असता, तर तो गेलेला म्हणायचा. “उपाशी पैलवानाला आखाड्यात उतरवून काय कळणार?” असे म्हणून त्यांनी बॅटरी चार्जिंगला लावली. बारा पूर्णांक चार दशांश व्होल्टांच्या खाली असलेल्या बॅटरीवर लोड टाकून काढलेला निकाल हा निकालच नव्हे. किती चांगल्या बॅटऱ्या या घाईपायी भंगारात गेल्या असतील! दुसऱ्या दिवशी तीच बॅटरी भाराखाली दहा व्होल्टांच्या वर ठाम उभी राहिली. दोष निघाला तो ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरीत; तिच्या टोकाला हिरवट खार चढला होता आणि त्यामुळे चार्जिंग पोचत नव्हते. सँडपेपरच्या चार घाशीत तात्यांचे काही हजार रुपये वाचले.

उलट प्रकारही त्याच दुपारी पाहायला मिळाला. एक पोकलेन आले होते. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव, आपण खोदाईच्या सगळ्या मोठ्या यंत्रांना ते देऊन टाकले.) असल्या अवजड यंत्रांना चोवीस व्होल्ट लागतात, म्हणून बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. या जोडीत दोघींचे व्होल्ट सारखे होते, साडेबाराच्या वर. ऑपरेटर दोन्ही बदलायला निघाला होता. मिस्त्रींनी मधली जोडणी सोडली, दोघींना वेगळे केले आणि एकेकीची परीक्षा घेतली. हे वेगळे करणे फार महत्त्वाचे. बारा व्होल्टांचा टेस्टर चोवीस व्होल्टांवर लावला तर तो जळतो, आणि जोडीची एकत्र परीक्षा घेतली तर चोर कोण ते कळत नाही. पहिली पास झाली. दुसरीचा काटा लोड टाकताच सातवर आला आणि तिच्या एका कप्प्यात बुडबुडे उसळू लागले. मिस्त्रींनी तत्काळ लोड बंद केला. पंधरा सेकंद पुरे करण्याचा हट्ट अशा वेळी धरायचा नसतो. तरी शेवटी त्यांनी दोन्ही बदलायचाच सल्ला दिला, कारण म्हातारीच्या जोडीला तरुण बॅटरी दिली की दोघींचे चार्जिंग बिघडते आणि तरुणीही लवकर म्हातारी होते. ऑपरेटरचा अंदाज बरोबर ठरला, पण कारण त्याला ठाऊक नव्हते. आमच्या परीक्षांत अशा उत्तराला निम्मे गुण देतात.

आता जिवाच्या गोष्टीकडे वळतो.

या मिस्त्रींच्या डाव्या भुवईतून एक पांढरा व्रण गालापर्यंत उतरला आहे. उमेदवारीच्या दिवसांत, दुसऱ्या गावी, एका ट्रकची बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती. सकाळी कोणीतरी चार्जर तसाच चालू ठेवून तिचा चिमटा ओढून काढला. ठिणगी पडली. “फटाका फुटल्यावाणी आवाज झाला अन् तोंडावर गरम पाणी आलं, येवढंच आठवतंय,” ते म्हणाले. जवळ पाण्याचा हौद होता, म्हणून डोळा वाचला.

त्याचे कारण असे. चार्जिंग होताना, विशेषतः भरत आल्यावर, बॅटरीतल्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. हायड्रोजनला ना रंग ना वास. हवेत तो चार टक्के मिसळला की ठिणगीची वाट पाहत बसतो, आणि पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत त्याचा हा गुण कायम राहतो. तो हवेहून चौदापट हलका, म्हणून मोकळ्या जागेत झटकन वर निघून जातो. पण बॅटरीच्या पोटात, बुचांच्या तोंडाशी, यंत्राच्या बंद पेटीत साचून राहतो. अवजड यंत्रांत बॅटरी सहसा अशाच झाकणाच्या पेटीत किंवा सीटखाली असते. हा धोका काही गॅरेजापुरताच नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ या आपल्या पाणबुडीवर आग लागून एका नौसैनिकाचा प्राण गेला, त्याचे कारण बॅटरीच्या बिघडलेल्या व्हॉल्व्हमधून सुटलेला हायड्रोजन हेच नौदलाने सांगितले होते.

आणि लोड टेस्ट म्हणजे तर शेकडो ॲम्पियर! तो प्रवाह सुरू असताना चिमटा हलला तर जी ठिणगी पडते ती वेल्डिंगच्या तोडीची असते. म्हणून मिस्त्री काय करत होते ते मी क्रमाने पाहत होतो, आणि त्यांच्या हातांना तो क्रम इतका पाठ होता की शुद्धलेखनाचा नियम पाठ असलेल्या विद्यार्थ्याची आठवण व्हावी. (असे विद्यार्थी हल्ली आठवणीतच भेटतात.) पहिल्याने हातातले कडे आणि अंगठी काढून खिशात. डोळ्यांवर चष्मा, आणि तो माझ्यासारखा वाचायचा नव्हे, बाजूंनी बंद असलेला. पेटीचे झाकण उघडून थोडा वेळ नुसते उभे राहणे. यंत्राचा मेन स्विच बंद. मग आधी ऋण टोकाची वायर सोडायची, धन टोकाची नंतर. जोडताना याच्या उलट, ऋण शेवटी. यात अंधश्रद्धा काही नाही. यंत्राची सगळी लोखंडी बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. ती वायर जागेवर असताना धन टोकाच्या नटावर फिरणारा पाना बॉडीला टेकला, तर तो लालबुंद होईपर्यंत वेळ मिळत नाही. एकदा ऋण सुटले, की मग पाना बॉडीला खुशाल टेको.

चार्जरवरून आत्ताच उतरवलेल्या बॅटरीला ते हात लावत नाहीत. तिच्यातला वायू निघून जाऊ देतात. शिवाय ताज्या चार्जिंगचा एक वरवरचा फुगारा असतो, तोही बसायला हवा. हेडलाइट मिनिटभर लावून, बंद करून, थोडे थांबले तरी तो बसतो. टेस्टरचे चिमटे लावताना टेस्टरचा खटका बंदच हवा. चिमटे घट्ट बसले याची खात्री, चेहरा बाजूला, मग खटका. पंधरा सेकंदांनी खटका बंद, आणि त्यानंतरच चिमटे. ठिणगी पडायचीच असेल तर ती खटक्याच्या पोटात पडावी, बुचांच्या तोंडाशी नव्हे. दोन काट्यांचा जुना टेस्टर कप्प्यांवर टेकवून ठिणग्या उडवत तपासणारे उस्ताद पूर्वी गॅरेजागणिक असत. तो प्रकार मिस्त्रींनी आपल्या छपराखालून हद्दपार केला आहे. टेस्टरच्या तारा भाराखाली लाल तापतात, म्हणून तो बॅटरीच्या डोक्यावर ठेवायचा नाही, आणि एका परीक्षेनंतर त्याला निवू द्यायचे. तडा गेलेल्या, फुगलेल्या किंवा पाणी आटून प्लेटा उघड्या पडलेल्या बॅटरीवर लोड टाकायचाच नाही. तिथे निकाल आधीच लागलेला असतो.

छपराच्या खांबाला पाण्याचा नळ आणि खाण्याच्या सोड्याचा डबा होता. सोडा जमिनीवर सांडलेल्या ॲसिडसाठी. डोळ्यांत गेले तर सोडा नाही, फक्त स्वच्छ पाणी, निदान पंधरा मिनिटे सलग, आणि मग डॉक्टर. चौथ्या मिनिटाला बरे वाटते म्हणून थांबतात आणि तिथेच घात होतो, असे मिस्त्रींचे म्हणणे.

गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थाने शिशाची ही बॅटरी १८५९ साली बनवली. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीला दोनच वर्षे झाली होती तेव्हा. इतक्या वर्षांत कितीतरी यंत्रे आली आणि मोडीत गेली, पण शिसे आणि गंधकाचे ॲसिड यांचा हा संसार अजून टिकून आहे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा सेल्फ बसला, आणि हँडल मारून मनगट मोडून घेण्याचा जमाना हळूहळू सरला. हँडलला एक सोय होती, ते कधी उतरत नसे.

निघताना मी मिस्त्रींना घरच्या इन्व्हर्टरबद्दल विचारले. तो कुठे ठेवलाय, असा त्यांचा पहिला प्रश्न होता. किती वर्षांचा आहे, हा दुसरा. शहरातल्या फ्लॅटमध्ये जागा कमी. मग इन्व्हर्टर जिन्याखालच्या बंद कपाटात जातो, नाहीतर देवघराखालच्या कप्प्यात, आणि वर समई तेवत असते. तो उघड्या हवेवर काढा, बुचांपाशी काडी ओढून पाण्याची पातळी पाहू नका, पाणी घालायचे ते डिस्टिल्ड, आणि जुनी बॅटरी रद्दीवाल्याला न देता नवी देणाऱ्या दुकानदारालाच परत करा, एवढे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. ती परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवरच टाकली आहे. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि दारात उभ्या राहिलेल्या पुढच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला ओरडून सांगितले, “आधी बिडी विझव, मंग आत ये!”