घरचा उद्योग आणि अनध्याय

घरीं बसून उद्योग करणाऱ्यास सर्वांत मोठें विघ्न कोणतें, असें कोणीं विचारलें तर भांडवल, महागाई, उधारी अशीं उत्तरें चटकन् सुचतात. बदलापुरांतील आमच्या घरापुरतें बोलावयाचें, तर तें विघ्न म्हणजे मी स्वतः होतों. ही कबुली दिल्यावांचून या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं, म्हणून आरंभींच देतों.

आमची सून पूर्वीं मुंबईस नोकरीला जात असे. बदलापूर ते मुंबई हें अंतर सुमारें ६८ किलोमीटर; दिवसाचा मोठा भाग लोकलमध्यें जाई. नातू झाल्यावर तिनें नोकरी सोडली आणि मागणीप्रमाणें फराळाचे पदार्थ करून देण्याचा उद्योग घरींच आरंभिला. गेल्या दिवाळीपूर्वीं एके दुपारीं ती पांच किलो रव्याच्या लाडवांसाठीं पाक करीत होती. इतक्यांत अंबरनाथचे माझे एक जुने सहकारी आले. मीं सवयीनें हांक मारली, “सूनबाई, कोण आलें आहे पाहा! जरा चहा टाक.”

“बाबा, पाक झाला कीं लगेच टाकतें.”

“अग, पाक कोठें पळून जातो?” मी हंसून म्हणालों.

ती बाहेर आली. नमस्कार झाला, माहेरची चौकशी झाली, चहा झाला. तेवढ्यांत पाक खरोखरच पुढें गेला. मिश्रण कोरडें पडलें. लाडू वळेनात, आणि वळले ते फुटेनात. रात्रीं साडेदहा वाजतां पुन्हां रवा भाजल्याचा वास आला, तेव्हां काय झालें तें मला समजलें. तिनें मला एका शब्दानेंहि बोलून दाखविलें नाहीं. त्यामुळेंच तो प्रसंग माझ्या मनांतून जाईना.

हीच सून कचेरींत असती, तर पाहुण्यांना चहा हवा म्हणून मीं तिला दूरध्वनि केला असता काय? आणखी एक आठवण मला अधिक टोंचली. सन २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली आणि मुलाची कचेरी घरांत आली. त्याच्या खोलीचें दार लागलें, कीं कुकरची शिटीसुद्धां आम्हांस अपराधासारखी वाटे. चहा त्याच्या मेजापर्यंत जाई, नातवाला दाराजवळ फिरकूं देत नसूं. तीच खबरदारी सुनेच्या कामासाठीं आम्हीं घेतली नाहीं. कारण तिच्या कामास वेगळी खोली नव्हती आणि महिन्याच्या पगाराची चिठ्ठी नव्हती. जें माणूस डोळ्यांसमोर दिसतें तें मोकळेंच आहे, अशी आपली समजूत असते.

आमच्या शास्त्रकारांनीं या विषयाचा विचार केलेला आहे. पतंजलींनीं योगसूत्रांत चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय मोजले. व्याधि, संशय, आळस वगैरे ते सर्व साधकाच्या आंतले. बाहेरून हांक मारणारा सासरा त्यांत नाहीं. याज्ञवल्क्यस्मृति मात्र बाहेरच्या व्यत्ययांकडेहि पाहते. वेदाध्ययन कोणत्या प्रसंगीं थांबवावें, त्याचे सदतीस तात्कालिक अनध्याय तींत दिले आहेत. कुत्रा, कोल्हा, गाढव, घुबड यांचे आवाज, पीडिताचा आक्रोश, आणि शिष्ट पुरुषाचें घरीं आगमन हीं त्यांतलीं कांहीं कारणें होत.

“मग पाहुणा आला असतां काम थांबविणें हें शास्त्राला धरूनच झालें!” असें कोणी म्हणेल. मीहि तसेंच मनाचें समाधान करूं पाहत होतों. परंतु शिष्ट पुरुष घरीं आला असतां अध्ययन करणारा आपलें अध्ययन थांबवितो, दुसऱ्याचें नव्हे. पाहुणा माझा होता. अनध्याय मीं पाळावयास हवा होता. शिवाय हे अनध्याय तात्कालिक, म्हणजे कारण आहे तोंवरच. थांबलेला पाठ पुन्हां जेथल्या तेथें धरतां येतो. पाक तसा धरतां येत नाहीं.

कोणतें काम मधेंच सोडतां येतें आणि कोणतें येत नाहीं, ही निवड म्हणजे घरच्या उद्योगाचें अर्धें व्यवस्थापन आहे. ‘लिज्जत पापड’ या नांवानें प्रसिद्ध असलेली संस्था १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन काढली. तेथें पीठ केंद्रावर मळलें जातें. भगिनी तें घरीं नेतात, पापड लाटून वाळवितात आणि परत आणून देतात. चव सर्वत्र एकसारखी राहावी हा त्यांतील एक उघड लाभ. पण दुसराहि एक लाभ होतो. मोजमापाचें, मधें सोडतां न येणारें काम घराबाहेर झालेलें असतें. लाटणें मात्र एकेका पापडाचें. मूल रडलें तर हातचा पापड संपवून उठतां येतें.

शेजारचें उल्हासनगर पाहा. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस हें नांव मिळालें. तेथें कित्येकांनीं राहत्या जागेंतच धंदे मांडले. बराकींत दाटीवाटीनें राहणाऱ्यांनीं दार लावून एकान्त कोठून आणावा? जेथें दार नाहीं, तेथें घरांतील इतरांनींच दार व्हावयाचें असतें.

आमच्या घरीं आतां तीन नियम आहेत. दुपारीं बारा ते तीन पाक आणि तळण. त्या वेळेंत दाराची घंटा, दूरध्वनि आणि नातू यांचा अधिकार माझ्याकडे. निवडणें, पुडे भरणें, हिशेब हीं सोडतां येण्याजोगीं कामें इतर वेळीं. आणि उठावेंच लागलें, तर काम कोठवर आलें तें भिंतीवरच्या पाटीवर लिहून मगच उठावयाचें. दुखणें, अपघात आणि नातवाचें खरें रडणें एवढेच अनध्याय आम्हीं मान्य केले आहेत. खरें रडणें कोणतें, हें ओळखावयास मात्र मला महिनाभर लागला.

अतिथीचा सत्कार हा घराचा धर्म आहे. तो एकट्या सुनेच्या माथीं कां? परवां तेच सहकारी पुन्हां आले. चहा मीं केला. साखर अंमळ अधिक झाली. त्यांनीं तो मुकाट्यानें घेतला. आंत पाक दोन तारांवर उतरला होता.