छतावरची सूर्यमाला

शाळेतली सूर्यमाला आठवतेय? थर्माकोलचे गोळे, तारा, मधोमध पिवळा बल्ब. फारच हुशारी केली असेल तर खाली खेळण्यातली मोटर. बटण दाबलं की सगळे ग्रह एकाच वेगाने गरगर! बुध आणि शनी बरोबरीने. परीक्षक ‘छान’ म्हणाले, प्रमाणपत्र मिळालं, मॉडेल माळ्यावर गेलं. कॉलेजात तर तेवढेही कष्ट नाहीत. पैसे मोजले की प्रोजेक्ट तयार मिळतो.

म्हणूनच नेदरलँड्समधल्या आयसे आयसिंगाची आठवण काढायची. फ्रानेकर गावात लोकर विंचरण्याचा धंदा करणारा हा माणूस. गणिताचा नाद त्याने कामधंदा सांभाळून जोपासला. मे १७७४ मध्ये बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि चंद्र आकाशात जवळजवळ येणार होते. ग्रह एकमेकांवर आदळतील, पृथ्वी कक्षेतून निसटून सूर्याकडे ढकलली जाईल, असं एका पुस्तिकेत छापून आलं आणि लोक धास्तावले. आपल्याकडच्या फॉरवर्डसारखंच म्हणा ना!

तिशीतल्या आयसिंगाने यावर उत्तर दिलं ते हातांनी. आपल्या घराच्या बैठकीच्या छतालाच त्याने सूर्यमाला बसवायला घेतली. लाकडी चाकं, दात्यांच्या जागी ठोकलेले हजारो खिळे आणि हे सगळं फिरवणारं लंबकाचं घड्याळ. सात वर्षं लागली. छतावरचा बुध ८८ दिवसांत फेरी मारतो, शनी २९ वर्षांहून अधिक घेतो. खऱ्या ग्रहांना लागतो तेवढाच वेळ. अंतरंही मापात : एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर.

खरी मेख दात्यांच्या हिशेबात आहे. गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी म्हणजे आपली ११.८६ वर्षं. ‘बारा धरू या, काय फरक पडतो?’ म्हणून चाकं केली, तर ८३ वर्षांत गुरू सुमारे २९ अंश मागे पडतो; जवळपास एक अख्खी रास चुकते. त्याऐवजी ८३ आणि ७ हे गुणोत्तर घ्या. तेवढ्याच काळात चूक जेमतेम एका अंशाची! चाकाला अर्धा दाता करता येत नाही, त्यामुळे असे पूर्णांक शोधत बसावं लागतं. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने जवळपास शंभर वर्षं आधी आपल्या ग्रहयंत्रातल्या शनीसाठी २०६ आणि ७ शोधले होते.

‘अंदाजे’ म्हणून पुढे सरकायची सवय अशा यंत्रापुढे टिकत नाही. परीक्षेत पायरीला मार्क मिळतात. चाक मात्र अडकतं किंवा ग्रह भलतीकडे पोहोचतो. आपल्याला काय कळलं नव्हतं, हे तेव्हाच कळतं. आज थ्रीडी प्रिंटर आहेत, लेझर कटर आहेत. आठ ग्रह नकोतच; पृथ्वी आणि गुरू, दोनच करा. पण दाते स्वतः मोजा, आणि रात्री गच्चीवर जाऊन गुरू तिथेच आहे का, ते पाहा.

आयसिंगाचं काम संपलं त्याच वर्षी, १७८१ मध्ये, युरेनसचा शोध लागला. छतावर त्याला जागा नव्हती. तरीही ते यंत्र आजही चालू आहे; २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातली साल दाखवणारी पट्टी दर २२ वर्षांनी बदलावी लागते. ग्रह आपले फिरतच आहेत.