एका टक्क्याचा विरोध

वस्तू व सेवा कराचे १२२ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने ६ मे २०१५ रोजी संमत केले. राज्यसभेत मात्र सरकारपाशी पुरेसे संख्याबळ नव्हते. आंतरराज्य मालपुरवठ्यावरील एक टक्का अतिरिक्त कर वगळावा, हा विरोधकांचा आग्रह होता. या कराची वजावट मिळणार नव्हती. माल जितक्या वेळा राज्याची सीमा ओलांडून विकला जाई, तितक्या वेळा तो किमतीत मिसळला असता. अखेर सरकारने ती तरतूद काढली आणि ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेने विधेयक संमत केले. कराचा कमाल दर घटनेतच बांधावा, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. पंधरा महिन्यांचा विलंब तेव्हा व्यापारीवर्गाला खटकला. परंतु १ जुलै २०१७ रोजी नवा कर लागू झाला, तेव्हा खतावणीत त्या एका टक्क्याचे खाते उघडावे लागले नाही.