घरपट्टी थकली? सही करण्याआधी फुकट वकील मागा

राष्ट्रीय लोक अदालतीची तारीख जवळ आली की धाराशिव जिल्ह्यात घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीदारांना नोटिसा येऊ लागतात. कागदावर न्यायालयाचे नाव दिसले की अनेकांच्या पोटात गोळा येतो. कोणी उसनवारी करून पैसे भरतो, कोणी नोटीस फळीवर टाकून देतो. या प्रकरणात आपल्याला मोफत वकील मिळू शकतो का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

नोटीस म्हणजे खटला नव्हे

यातली बहुतेक प्रकरणे दाखलपूर्व असतात, म्हणजे तुमच्यावर अजून दावा लागलेला नसतो. लोक अदालत तडजोडीसाठी आहे. तुमच्या संमतीशिवाय ती निवाडा देऊ शकत नाही. पण तडजोडीवर सही झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक होतो आणि त्यावर अपील नाही. गैरहजर राहिल्यानेही कर माफ होत नाही. जप्तीचा मार्ग पालिकेला आणि ग्रामपंचायतीला मोकळाच असतो.

आकडा कसा फुगतो?

नगरपरिषदेच्या थकीत मालमत्ता करावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. 10 हजार रुपये थकले तर महिन्याला 200 रुपये. 50 महिन्यांत शास्तीच मुद्दलाएवढी होते. ही शास्ती कमी करण्यासाठी राज्य सरकारने 2025 मध्ये अभय योजनेचा निर्णय घेतला. तुमच्या पालिकेत आज काय सवलत मिळते, हे सहीआधी विचारा. मुद्दल आणि शास्ती वेगवेगळी लिहून मागा.

मोफत वकील कोणाला?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. याच कायद्यात पूर, दुष्काळ आणि भूकंप यांच्या आपद्ग्रस्तांचाही उल्लेख आहे. ही यादी वाचली की आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवतो. 1993 च्या भूकंपाने उमरगा-लोहारा हादरले, दुष्काळ तर पाचवीला पुजलेला, आणि सप्टेंबर 2025 च्या पुराने परंडा-भूममधली शेते खरवडून नेली.

नोटिशीत काय हवे?

वसुली झाली नाही तर दिवाबत्ती आणि नळाचे पाणी कुठून येणार, हा पालिका आणि ग्रामपंचायतींचा प्रश्न रास्त आहे. ऐपत असून कर बुडवणाऱ्याची बाजू कोणी घेऊ नये. पण ज्याचे पीक वाहून गेले त्याला त्याच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. म्हणून प्रत्येक नोटिशीवर तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: मुद्दल किती व शास्ती किती, सवलत व हप्त्यांची सोय आहे का, आणि मोफत वकील कुठे मिळेल. यासाठी वेगळा निधी लागत नाही, कागदाची पाठकोरी बाजू पुरते.

ते होईपर्यंत एवढे करा. नोटीस, जुन्या पावत्या आणि आधार कार्ड घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. जाणे जमत नसेल तर 15100 वर फोन करा. आणि हे तारखेच्या आधी करा. सही झाल्यावर वकीलही फारसे काही करू शकणार नाही.